आपलं वेबपान आपल्या हातानं

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या कनिष्ठ महाविद्यालयात आयटी विषय घेतलेल्या कुठल्याही मुलाला किंवा मुलीला एचटीएमएल माहीत असतं. राज्य मंडळाच्या २०१९ साली आलेल्या अकरावीच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पुस्तकात वेब डिझाइनिंगवर एक अख्खा धडा आहे. बारावीत हाच विषय पुढे सरकतो आणि जोडीला पुढचं जावास्क्रिप्ट, पीएचपी येतं. कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्यांनी तर त्याच्याही आधीपासून सी प्लस प्लसच्या शेजारी एचटीएमएल गिरवलेलं आहे. म्हणजे वेबपान हातानं लिहायला शिकलेली माणसं आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. तरीही बहुतेकांचं हे शिक्षण परीक्षेपाशी थांबतं. फळ्यावरचा कोड वहीत उतरतो, वहीतला संगणकावर, संगणकावरचा जर्नलमध्ये. त्यावर सही होते आणि विषय मिटतो. शेजारच्या वाचनालयाला, सोसायटीला, आजोबांनी जन्मभर जमवलेल्या माहितीला एक साधं पान हवं असतं. ते लिहू शकणारी मुलगी त्याच घरात असते. पण या दोघांची गाठ पडत नाही.

ती पडावी, म्हणून हा लेख. साधं वेबपान स्वतः लिहिता येणं हा लिहिता-वाचता येण्याचाच पुढचा भाग आहे. त्यासाठी इंजिनियर व्हावं लागत नाही, महागडा कोर्स लागत नाही. आणि मराठी लिहिणाऱ्याला तर हे येणं जास्तच गरजेचं आहे, कारण आपली लिपी पडद्यावर नीट उमटवण्याची काळजी आपण घेतली नाही, तर ती आपल्यासाठी दुसरं कोणी घेईलच असं नाही.

लिहिण्यासाठीच जन्मलेलं माध्यम

मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी एक प्रस्ताव मांडला. तिथं देशोदेशीचे शास्त्रज्ञ येत, काम करत आणि निघून जात. त्यांची टिपणं वेगवेगळ्या संगणकांवर विखुरलेली असत. ही टिपणं एकमेकांना जोडता यावीत, एका टिपणातून दुसऱ्यात जाता यावं, एवढीच मूळ गरज होती. १९९० च्या अखेरीस त्यांनी त्यासाठी पहिला ब्राउझर तयार केला. त्या ब्राउझरमध्ये पान वाचता येत होतं, तसंच लिहिता आणि बदलताही येत होतं. वाचणारा आणि लिहिणारा वेगळे असतील, ही कल्पनाच त्यात नव्हती.

१९९१ च्या अखेरीस त्यांनी एचटीएमएलचे टॅग एका छोट्या दस्तऐवजात लिहून ठेवले. ते जेमतेम अठरा होते. शीर्षक, परिच्छेद, यादी, दुवा असे त्यातले बरेचसे टॅग आजही जसेच्या तसे चालतात. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्ननं हे सगळं तंत्र जगाला मोफत देऊन टाकलं. त्याच वर्षी मोझॅक हा चित्रं दाखवणारा ब्राउझर आला आणि वेब घराघरांत पोचायला लागलं. पण मोझॅक आणि त्याच्या वाटेनं आलेले लोकप्रिय ब्राउझर फक्त वाचायचे होते. लिहिणं मागे पडलं आणि ते तज्ज्ञांचं काम आहे, असा समज रूढ झाला.

भारतात विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा वेब नुकतंच चालायला लागलं होतं. म्हणजे आपण फार उशिरा पोचलो असं नाही. आपण पोचलो ते मात्र वाचक म्हणून.

हातानं पान लिहायला शिकणं म्हणजे तो सुटलेला अर्धा भाग परत मिळवणं. त्याची सोयही माध्यमातच आहे. संगणकावर कुठलंही पान उघडा आणि कंट्रोल दाबून यू दाबा. त्या पानाचा सगळा लिखित मजकूर समोर येतो. दुसऱ्यानं काय आणि कसं लिहिलंय हे इतक्या उघडपणे दाखवणारी विद्या दुसरी क्वचितच असेल.

एक फाइल, एक नोटपॅड

सुरुवातीला इंटरनेटही लागत नाही. विंडोजमधलं नोटपॅड आणि कुठलाही ब्राउझर पुरे. वेबपान ही साधी अक्षरांची फाइल असते. तिचं नाव ‘इंडेक्स’ आणि टिंबानंतरचं शेपूट ‘एचटीएमएल’ ठेवलं, की ब्राउझर ती पान म्हणून उघडतो. इथं पहिला अडथळा येतो. विंडोज बऱ्याचदा फाइलचं शेपूट लपवतं, त्यामुळे नोटपॅड तुमच्या नकळत पुढे ‘टीएक्सटी’ जोडून ठेवतं आणि पान काही उघडत नाही. सेव्ह करताना फाइलचा प्रकार ‘ऑल फाइल्स’ निवडला, की हा प्रश्न सुटतो.

आता एक खरं पान लिहू. विषय आपल्याच मातीतला घेऊ: ठाणे-कल्याणला रेल्वे कशी आली. टॅगांची नावं फाइलमध्ये रोमन अक्षरांतच लिहायची असतात. इथं ती उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. पानाचा मुख्य भाग असा दिसेल:

<एच१>ठाणे-कल्याणला रेल्वे कशी आली</एच१>
<पी>१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ३४ किलोमीटरचा प्रवास करून ठाण्यात पोचली. तिला तीन इंजिनं जोडली होती.</पी>
<यूएल>
<एलआय>साहिब</एलआय>
<एलआय>सिंध</एलआय>
<एलआय>सुलतान</एलआय>
</यूएल>
<पी>पुढच्या वर्षी, १ मे १८५४ रोजी, गाडी <ए एचरेफ="कल्याण.एचटीएमएल">कल्याणपर्यंत</ए> धावू लागली.</पी>

कोनी कंसात लिहिलेला शब्द म्हणजे टॅग. सुरुवातीचा टॅग ‘इथून शीर्षक’ असं सांगतो आणि तिरकी रेघ असलेला टॅग ‘इथं शीर्षक संपलं’ असं सांगतो. एच१ हे पानाचं मुख्य शीर्षक. पोटशीर्षकांसाठी एच२, एच३ असं एच६ पर्यंत जाता येतं. पी म्हणजे परिच्छेद. यूएल म्हणजे यादी आणि एलआय म्हणजे यादीतली एक नोंद. ए हा टॅग या सगळ्यांचा प्राण आहे, कारण तो दुवा देतो. ‘कल्याणपर्यंत’ या शब्दावर बोट ठेवलं, की कल्याणचं पान उघडेल. बर्नर्स-ली यांना हवं असलेलं जोडणं ते हेच.

या टॅगांकडे नीट पाहिलं, तर ते अक्षरांचा आकार किंवा रंग सांगत नाहीत. कुठल्या मजकुराचं काम काय आहे, एवढंच ते सांगतात. मोठं आणि ठळक दिसावं म्हणून कुठंही एच१ वापरायचा नाही. जे खरोखर शीर्षक आहे त्यालाच तो द्यायचा. ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घेतली, तर पुढे फार फायदा होतो. शोधयंत्र शीर्षकांवरून पानाचा विषय ओळखतं. दृष्टिहीन वाचक एनव्हीडीएसारख्या पडदा वाचून दाखवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरच्या मदतीनं एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जातो. शीर्षकं नुसती ठळक अक्षरांत रंगवलेली असतील, तर त्याच्या लेखी ती नसतातच.

चित्रांचंही तसंच. ठाण्याच्या खाडीवरच्या जुन्या रेल्वे पुलाचं चित्र पानात लावलं, तर आयएमजी या टॅगमध्ये ‘ऑल्ट’ नावाची जागा असते. तिथं ‘ठाण्याच्या खाडीवरचा दगडी कमानींचा जुना रेल्वे पूल’ असं एक वाक्य लिहायचं. चित्र उघडलं नाही, तर ते वाक्य दिसतं. ज्याला चित्र दिसत नाही, त्याला ते ऐकू येतं. तयार साधनांनी बनवलेल्या असंख्य पानांत ही जागा रिकामी असते. हातानं लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती सतत असल्यानं ती भरली जाते.

डोक्यावरच्या चार ओळी

वरचा मजकूर ‘बॉडी’ या टॅगमध्ये बसतो. त्याच्या आधी ‘हेड’ असतो आणि त्यातल्या गोष्टी पानावर दिसत नाहीत. जर्नलमध्ये त्या यांत्रिकपणे उतरवल्या जातात. पण मराठी पानाचं भवितव्य याच ओळींवर ठरतं.

फाइलची अगदी पहिली ओळ, हेडच्याही आधीची, डॉकटाइपची. ती नसेल, तर ब्राउझर हे जुन्या काळातलं पान आहे असं समजून जुन्या नियमांनी मांडणी करतो. त्यानंतर एचटीएमएल टॅगमध्ये पानाची भाषा सांगायची असते. मराठीसाठी ‘एम’ आणि ‘आर’ ही दोन अक्षरं. मग हेडमध्ये येते ती अक्षरसंचाची ओळ: यूटीएफ-८. तिच्याबद्दल पुढे बोलूच. चौथी ओळ व्ह्यूपोर्टची. ती नसली, तर फोनचा ब्राउझर पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून चालतो आणि सगळी अक्षरं मुंगीएवढी दिसतात. आपल्याकडे बहुतेक लोक पानं फोनवरच वाचतात, तेव्हा ही ओळ चुकवून चालणार नाही. याखेरीज ‘टायटल’ टॅगमध्ये लिहिलेलं नाव ब्राउझरच्या वरच्या पट्टीत आणि शोधाच्या निकालात दिसतं, म्हणून तेही विचारपूर्वक मराठीतच लिहावं.

‘डोंबिवली’चे चोवीस बाइट

संगणक अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, हे आधी ठरलेलं असावं लागतं. सुरुवातीच्या मराठी संकेतस्थळांवर हे ठरलेलं नव्हतं. प्रत्येक फाँटचा हिशोब वेगळा होता. एका फाँटमध्ये जो आकडा ‘क’ दाखवी, तोच दुसऱ्यात एखादी मात्रा दाखवी. वाचकाच्या संगणकावर नेमका तोच फाँट नसेल, तर सगळी बातमी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा होऊन समोर येई. शोधयंत्राला तर त्यातलं काहीच सापडत नसे. त्या काळातला कितीतरी मराठी मजकूर यामुळे आज वाचता येत नाही.

यावरच्या उत्तरात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनं भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं काम केलं. त्याच काळात भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली आकाराला आली आणि १९९१ साली ती राष्ट्रीय मानक झाली. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच यादीत जागा देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तिच्यातला देवनागरीचा १२८ घरांचा विभाग इस्कीच्याच १९८८ च्या मांडणीवर उभा आहे. पुढे विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ हा युनिकोड फाँट आला आणि मराठी पान कुठल्याही संगणकावर सारखंच उघडायची शक्यता निर्माण झाली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू होऊ शकला, तो याच पायावर.

युनिकोडचे आकडे फाइलमध्ये साठवण्याची सर्वांत रूढ रीत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती सप्टेंबर १९९२ मध्ये तयार केली. रोमन अक्षराला तिच्यात एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. ‘डोंबिवली’ हा शब्द सोडवून पाहू: ड, ओकाराची मात्रा, अनुस्वार, ब, ऱ्हस्व वेलांटी, व, ल, दीर्घ वेलांटी. आठ चिन्हं, म्हणजे चोवीस बाइट. ब्राउझरला ‘हे यूटीएफ-८ आहे’ असं सांगितलं, तर तो तीन-तीनचे गट करून बरोबर ‘डोंबिवली’ दाखवतो. ती ओळ विसरली आणि ब्राउझरनं पाश्चात्त्य अक्षरसंच गृहीत धरला, तर प्रत्येक बाइट त्याला वेगळं अक्षर वाटतो. मग चोवीस विचित्र चिन्हांची माळ येते आणि तिच्यात दर तिसऱ्या ठिकाणी डोक्यावर तिरकी रेघ असलेलं तेच एक लॅटिन अक्षर दिसतं. अशी माळ कुठं दिसली, तर मजकूर गेला असं समजू नका. तो शाबूत असतो. फक्त ती एक ओळ राहिलेली असते.

पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर मात्र दुखणं वेगळं आहे. जुनं नोटपॅड फाइल ‘अ‍ॅन्सी’ पद्धतीनं साठवायचं. तिच्यात देवनागरीला जागाच नसल्यानं प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसायचं आणि मूळ मजकूर कायमचा जायचा. विंडोज १० च्या मे २०१९ च्या आवृत्तीपासून नोटपॅड स्वतःहून यूटीएफ-८ वापरतं. शाळा-महाविद्यालयांत कुठं जुने संगणक असतील, तर सेव्ह करतानाच एन्कोडिंगच्या रकान्यात यूटीएफ-८ निवडावं.

देवनागरी सांभाळताना

वेबवर शिकवणारं बहुतेक साहित्य रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असतं. त्यामुळे मराठी पान लिहिताना येणाऱ्या काही अडचणी त्यात सापडतच नाहीत. त्या आपल्याच माणसांनी एकमेकांना सांगायच्या.

पहिली अडचण आकड्यांची. मराठी कळफलक चालू ठेवून एच१ मधला एक टाइप केला, तर तो देवनागरी ‘१’ येतो आणि ब्राउझरला तो टॅग ओळखीचा वाटत नाही. शीर्षक साध्या मजकुरासारखं दिसतं. टॅगचं पहिलंच अक्षर देवनागरीत पडलं, तर तो टॅग कंसासकट पानावर छापला जातो. अक्षरांचा आकार देवनागरी आकड्यात लिहिला, तर ती सूचना मुकाट्यानं गाळली जाते. तेव्हा मजकुरातले आकडे हवे तसे, कोडमधले मात्र रोमन.

दुसरी अडचण अवतरणचिन्हांची. वर्डमधून किंवा व्हॉट्सॲपवरून कोड चिकटवला, तर सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं येऊ शकतात आणि दुवा तुटतो. कोड नेहमी साध्या एडिटरमध्ये टाइप करावा.

तिसरी गोष्ट अक्षरांच्या रूपाची. मराठीतला पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हिंदीतल्या रूपांहून वेगळे दिसतात. काही देवनागरी फाँटांत दोन्ही रूपं दिलेली असतात आणि पानाची भाषा मराठी आहे असं कळलं, तरच मराठी रूप उमटतं. वर सांगितलेली ‘एम-आर’ची दोन अक्षरं इथं कामाला येतात. पडदा वाचणारं सॉफ्टवेअरही त्यांच्यावरूनच मराठी आवाज निवडतं. तसंच ‘दऱ्या’ आणि ‘आर्या’ यांतला फरक टाइप करतानाच राखायला हवा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ला स्वतंत्र कळ आहे, ती वापरली, की ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’ बिनचूक येतात.

रूप वेगळं, मजकूर वेगळा

पान लिहून झालं, की ते देखणं करायची वेळ येते. हे काम सीएसएसचं. हॉकन व्हियुम ली यांनी ती कल्पना ऑक्टोबर १९९४ मध्ये मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिचं पहिलं मानक आलं. मूळ विचार सोपा आहे. लग्नपत्रिकेचा मजकूर घरची माणसं लिहून देतात आणि कागद, रंग, अक्षरांचं वळण छापखान्यात ठरतं. तसा पानाचा मजकूर एचटीएमएलमध्ये आणि रूप सीएसएसमध्ये. रूपाची फाइल वेगळी ठेवली, तर एक रंग बदलून वीस पानांचं रूप एकदम बदलता येतं.

मराठीसाठी सीएसएसमध्ये तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आपल्या अक्षरांना वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय असतात, म्हणून ओळींमधलं अंतर रोमनपेक्षा जास्त हवं. अक्षराच्या आकाराच्या सुमारे १.६ ते १.८ पट ठेवलं, तर वाचायला बरं पडतं. इंग्रजी शीर्षकांत शोभतात म्हणून अक्षरांमध्ये फटी सोडायची सूचना मराठीला देऊ नये; शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. आणि फाँट मराठीसाठी नीट घडवलेला निवडावा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फाँट गूगल फाँट्सवर मोफत आहेत आणि ते वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणखी एक गोष्ट मराठी माध्यमातल्या मुलांना धीर देणारी आहे. टॅगांची नावं रोमनमध्ये लागतात, पण पानाच्या भागांना आपण जी नावं देतो, ती मराठीत चालतात. एखाद्या चौकटीला ‘सूचना’ असं नाव देऊन सीएसएसमध्ये त्याच नावानं रंग देता येतो. पुढे जावास्क्रिप्ट शिकताना ‘वर्गणी’ किंवा ‘एकूण’ अशा नावांची चलपदं लिहिता येतात. त्यामुळे इंग्रजी कच्चं आहे म्हणून कोड जमणार नाही, ही भीती निराधार आहे. लागतात ते चाळीस-पन्नास ठरलेले शब्द, आणि ते वापरता वापरता हातात बसतात.

चूक शोधायची सवय

एचटीएमएल हे चुका सोसणारं माध्यम आहे. एखादा टॅग बंद करायचा राहिला, तरी ब्राउझर पान दाखवतो. फक्त तिथून पुढचं सगळं ठळक किंवा दुव्यासारखं निळं दिसतं. नवख्या माणसाला यानं धीर येतो, पण चूक लपूनही राहते. म्हणून दोन सवयी लावाव्यात. दोन-चार ओळी लिहिल्या, की सेव्ह करून ब्राउझरमध्ये पान ताजं करून बघायचं. बिघडलं, तर दोष शेवटच्या चार ओळींतच असणार. आणि पान पुरं झालं, की वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम, म्हणजे वेबची मानकं ठरवणारी संस्था, जो मोफत तपासनीस देते, त्याच्याकडून ते तपासून घ्यायचं. कुठल्या ओळीत काय राहिलं, हे तो ओळ क्रमांकासह सांगतो. गुण मिळवण्यासाठी पाठ केलेला कोड विसरतो. चूक शोधून दुरुस्त केलेला कोड विसरत नाही.

पान जगासमोर

आपल्या संगणकावरची फाइल जगाला दिसण्यासाठी ती सतत चालू असलेल्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवावी लागते. साध्या पानांसाठी हे आता फुकट होतं. गिटहब पेजेस ही सेवा २००८ पासून आहे. खातं उघडायचं, फाइली चढवायच्या, थोड्या वेळात पानाला पत्ता मिळतो. इथंही एक गोष्ट सांभाळावी लागते. विंडोज फाइलच्या नावातलं मोठं आणि लहान रोमन अक्षर सारखंच मानतं; सर्व्हर तसं मानत नाही. त्यामुळे घरी दिसणारं चित्र चढवल्यावर गायब होतं. फाइलींची नावं सगळी लहान लिपीत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता ठेवली, की काळजी मिटते.

पुढे स्वतःचा पत्ता हवा असेल, तर तो देवनागरीतही घेता येतो. ‘.भारत’ हे क्षेत्रनाम २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालं आणि त्यात मराठीचाही समावेश आहे.

अशा पानाचं वजन किती असतं, हे बघण्यासारखं आहे. हजार शब्दांचा मराठी लेख यूटीएफ-८ मध्ये जेमतेम वीस केबी भरतो. आपलं रेल्वेचं पान चित्राशिवाय पाच केबीच्या आत राहील. उलट एचटीटीपी आर्काइव्ह या प्रकल्पाच्या नोंदींनुसार आजच्या सर्वसाधारण वेबपानाचं वजन दोन एमबीच्या पुढे गेलंय, म्हणजे आपल्या पानाच्या चारशे पट. संध्याकाळच्या गच्च भरलेल्या कल्याण लोकलमध्ये एका डब्यातले शेकडो फोन एकाच वेळी नेटवर्क मागत असतात. तिथं फरक लगेच कळतो: जड पान गोल फिरत राहतं, हलकं पान उघडून वाचूनही होतं.

आणि साधं पान टिकतं. सर्नवरचं पहिलं संकेतस्थळ आजच्या फोनवरही उघडतं. याउलट जिओसिटीज या सेवेवर असंख्य लोकांनी आपली पानं थाटली होती. ती सेवा २००९ मध्ये बंद झाली आणि ज्यांनी स्वतःकडे प्रत ठेवली नव्हती, त्यांच्यातल्या अनेकांची पानं गेली. हातानं लिहिलेल्या पानाची मूळ फाइल आपल्याकडे असते. एक सेवा बंद पडली, तर तीच फाइल दुसरीकडे चढवायची.

काय लिहायचं?

तयार साच्यात मजकूर भरून किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगून आता मिनिटात पान मिळतं. ही साधनं जरूर वापरावीत. पण मिळालेल्या कोडमध्ये भाषेची खूण आहे का, ऑल्ट भरलंय का, शीर्षकं जागेवर आहेत का, मराठी अक्षरांना पुरेशी जागा आहे का, हे तपासायला कोड वाचता यावा लागतो. आणि जो निदान चार पानं स्वतःच्या हातानं लिहितो, त्यालाच तो वाचता येतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पासारख्या ठिकाणी सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही मोफत ऐकायला मिळतात. शिकायचं ठरवलं, तर वाट बंद नाही.

विषयांचा तर या शहरांत तोटा नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. ठाण्यातल्या तलावांची, कल्याणच्या जुन्या वाड्यांची, डोंबिवलीतल्या नाट्य आणि संगीत मंडळांची माहिती माणसांच्या आठवणींत आणि पिवळ्या पडलेल्या स्मरणिकांत आहे. गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्राचा दरपत्रकाचा तक्ता, सोसायटीच्या पाण्याच्या वेळा, गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च हीसुद्धा चांगल्या पानाची सामग्री आहे. आज ही माहिती व्हॉट्सॲपच्या गटात येते आणि दोन दिवसांत वर सरकून हरवते. पानावर लिहिली, तर तिला पत्ता मिळतो, ती शोधता येते, दुरुस्त करता येते.

महाविद्यालयांना त्यासाठी अभ्यासक्रम बदलावा लागणार नाही. प्रत्येक विद्यार्थ्यानं वर्षाअखेरीस एका खऱ्या व्यक्तीसाठी किंवा संस्थेसाठी एक खरं मराठी पान लिहून प्रसिद्ध करावं, एवढंच शिक्षकांनी ठरवलं तरी पुरे. विचारायला माणूस समोर असला, की विद्यार्थी परिच्छेद कुठं तोडायचा, शीर्षक काय द्यायचं, तारीख कुठं तपासायची याचा विचार करतो. हे शिक्षण पाठ केलेल्या कोडातून मिळत नाही.

शोधयंत्रं आणि बोलणारी नवी यंत्रं मराठी शिकतात, ती वेबवर लिहिलेल्या मराठीतून. तिथं आपल्या गावाविषयी नेमका, तपासलेला, नीट मांडलेला मजकूर नसेल, तर त्यांच्याकडून तो परत मिळण्याची अपेक्षा करता येणार नाही. म्हणून ज्याला मराठी वाक्य नीट लिहिता येतं, त्यानं ते वेबवर ठेवायलाही शिकावं. सुरुवात एका फाइलीची आहे आणि ती आजच करता येते.